लालचोच्याचा पंचनामा

आमच्या कॉलेजात दरवर्षी सगळ्या स्टाफचा एकत्र फोटो काढतात. ग्रंथालयात कपाटांच्या वर ते फोटो ओळीने लावलेले आहेत आणि त्यातल्या एकाही फोटोत मामा धड दिसत नाहीत. एकात नुसता कान आहे. एकात त्यांच्या जागी नुसता पांढरा फराटा आहे. एका वर्षी फोटोग्राफरनं त्यांना प्राचार्यांच्या शेजारी खुर्चीत बसवलं आणि हात जोडून सांगितलं, "मामा, मी तीन म्हणेपर्यंत हलू नका." त्या फोटोत खुर्ची रिकामी आहे. प्राचार्य मात्र वळून दाराकडे बघताना स्पष्ट आलेत.

मामा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. प्रयोगशाळेतल्या माणसाला कॉलेजात मामाच म्हणायची रीत. मी ग्रंथालयात नवीन लागले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी त्यांना पहिल्या दिवशी "सर" म्हटलं तर ते दचकून मागे बघायला लागले.

"ताई, मामा म्हणा," ते म्हणाले. "सर म्हणलं की वाटतं, मागं कुणीतरी उभंय."

हा माणूस डबासुद्धा चालत खायचा. ठेचा लावलेली भाकरी गुंडाळून हातात धरायची आणि लांबलचक व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या. पहिली भाकरी वनस्पतिशास्त्राच्या दाराशी संपायची, दुसरी गणिताच्या. मामी सांगायच्या, "आमच्या लग्नात भंतेजींनी ह्यांना तीनदा 'बसून घ्या' म्हणलं. चौथ्यांदा मीच ह्यांचा शेला धरून ठेवला." मीही काही शांत बाई नाही. रांगेत दोन माणसं पुढे असली तरी माझा पाय आपोआप हलायला लागतो. पण मामांसमोर मी म्हणजे ध्यानाला बसलेली.

आणि हा असला माणूस एकाच ठिकाणी दगडासारखा बसायचा. ते ठिकाण म्हणजे फुगवटा. धरणाच्या मागे जे पाणी पसरत जातं त्याला आमच्याकडे फुगवटा म्हणतात. पैठण रस्त्यानं गेलं, बिडकीन मागे टाकलं आणि आत वळलं की एकाएकी समोर पाणीच पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही, वारा सुटला की चांगल्या लाटा उठतात. आमच्या कोरड्या मुलखाला तेवढाच समुद्र. तिथे मामा बारदान अंथरून बसायचे, दुर्बीण डोळ्याला लावायचे आणि दोन-दोन तास हलायचे नाहीत. टिटव्या त्यांच्या बुटापर्यंत येऊन चरायच्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला शंका आली, माणसाला काही झालं तर नाही ना. मी हळूच खोकून बघितलं. "जिवंत हाय, ताई," ते ओठ न हलवता म्हणाले.

खरा समुद्र त्यांनी कधीच पाहिला नव्हता. कॉलेजची सहल कोकणात निघाली, सगळ्यांनी आग्रह केला, तरी हे गेले नाहीत. "मी कशाला जाऊ? त्याची पाखरं येतील की इकडं." त्यांचं म्हणणं असं, की समुद्रात वादळ उठलं की तिथली पाखरं वाऱ्याबरोबर आत लोटली जातात आणि मोठं पाणी दिसेल तिथं टेकतात. म्हणून जग ज्या दिवशी दारं लावून भजी तळतं, त्या दिवशी मामांनी कानटोपी घातलेली असायची. बातम्यांत कमी दाबाचा पट्टा म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. स्टाफरूममध्ये त्यांची भरपूर चेष्टा व्हायची. "मामा, यंदा देवमासा येणार का?" ते म्हणायचे, "आला तर लिहीन."

त्यांना हवा होता एकच पक्षी. पुस्तकात त्याला ऑयस्टरकॅचर म्हणतात. खाऱ्या पाण्याच्या काठाचा, शिंपले फोडून खाणारा. अंग काळंपांढरं आणि चोच गाजरासारखी लांब, लाल. मामांनी त्याचं नाव लालचोच्या ठेवलं होतं. ते चित्र असलेलं पुस्तक ग्रंथालयातून घरी न्यायला परवानगी नव्हती, म्हणून ते रोज मधल्या सुट्टीत येऊन, उभ्या उभ्या, तेच पान बघून जायचे. आमची ओळख झाली ती त्या पानामुळे.

आता वहीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या वहीतच घडलं. मामा पाहिलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद ठेवायचे. पक्षी, संख्या, वेळ, जागा, आणि शेवटी दोन सह्या. एक मामांची, दुसरी सोबत असलेल्या माणसाची. ह्या वहीला ते पंचनामा म्हणायचे आणि दुसऱ्या माणसाला पंच. पंचाला तो पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच सही, नाहीतर नोंद नाही. मामांना एकट्यांना दिसलेले कितीतरी पक्षी त्या वहीत नाहीत. एकदा प्राचार्यांनी गाडीच्या काचेतून गरुड पाहिल्याचं सांगितलं आणि "माझं नाव घाला वहीत" म्हणून हसत हसत हुकूम सोडला. मामा म्हणाले, "ती घार असंल साहेब. आणि दुसरं कुणी बघितलं का?" ड्रायव्हर समोरच उभा होता. तो बिचारा म्हणाला, मी रस्त्याकडे बघत होतो. संपलं, गरुड उडाला. कुणी बदकं "सुमारे पन्नास" म्हटलं तरी मामांना चालायचं नाही. "सुमारे म्हणजे बघितलं नाय," ते म्हणायचे.

त्यांचे जुने पंच, वनस्पतिशास्त्राचे एक सर, निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले आणि मामा अडचणीत आले. त्याच सुमारास आमच्या ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद होती. पुस्तक हातात आल्याशिवाय मी यादीवर सही करेना. वरिष्ठ वैतागले, दोन दिवसांचं काम आठवडाभर लांबलं. हे मामांच्या कानावर गेलं. ते आले, टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही न बघता सही करत नाय म्हणं. पंच व्हता का?"

असं कौतुक माझं कुणी कधी केलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

तेव्हापासून हिवाळ्यातले रविवार असे गेले. सिडकोतून मी स्कूटी काढायची, भावसिंगपुऱ्यातून मामांना घ्यायचं. मागे मामा, त्यांच्या गळ्यात पायमोज्यात गुंडाळलेली दुर्बीण, मांडीवर बारदान. गल्लीत कुजबुज झाली असेल, मी लक्ष दिलं नाही. घरी नवरा चिडवायचा, "पक्षी बघायला चाललीस का मामांना?" मी म्हणायचे, "दोन्ही बघण्यासारखे आहेत."

तो रविवार मार्गशीर्षातला. आदल्या संध्याकाळी मामांचा फोन आला. "ताई, समुद्रात वादळ उठलंय. उद्या हवा लई खराब होणार!" जिलेबी तळायला घेतल्याची बातमी द्यावी तसा आवाज. माझी अडचण अशी, की त्याच दिवशी दुपारी एकच्या बसनं माझी मुलगी पुण्याला निघाली होती, पहिल्या नोकरीला. तिच्या पिशव्या अर्ध्या भरलेल्या, लाडू वळायचे राहिलेले. मी मामांना सांगितलं, अकराला मी घरी पाहिजे. "व्हय व्हय, दहाला निघू," ते म्हणाले.

सकाळी आभाळ अंगावर आल्यासारखं होतं. गार वारा, भुरभुर पाऊस, पाण्यावर धुकट पडदा. माझे बूट चिखलात रुतून जड झाले होते, बोटं वाकत नव्हती, आणि डोक्यात सारखे लाडू. साडेआठ झाले, नऊ झाले. चार बगळे आणि एक भिजलेला कुत्रा, एवढंच.

त्या दिवशी मामा दगड झाले नाहीत. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते उठत होते, बसत होते, बारदान इकडून तिकडे सरकवत होते. दुर्बीण शर्टाच्या टोकानं पुसायची, मग रुमालानं, मग परत शर्टानं. "काच सारखी ओली व्हायलीय," म्हणायचे. भुरभुर थांबून अर्धा तास झाला होता. पण मी आभाळाकडे कुठे बघत होते, मी घड्याळाकडे बघत होते.

पावणेदहाला त्यांनी माझा दंड धरला. "ताई. तिकडं. त्या बेटाच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या कडंला. काळंपांढरं काहीतरी हाय. चोच लाल हाय का बघा."

मी दुर्बीण लावली. बेटाच्या डाव्या बाजूला एक डबा तरंगत होता. पांढरा प्लास्टिकचा डबा, अर्धा काळ्या तेलानं माखलेला, वर लाल झाकण. मासे धरणारे जाळ्याची खूण म्हणून असे डबे सोडतात. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दुसरं काहीही नव्हतं.

"दिसतोय का?" मामांनी माझा दंड सोडला नव्हता.

डबा आहे म्हटलं असतं, तर ते म्हणाले असते, जवळ जाऊन बघू. म्हणजे काठाकाठानं चिखलातून अर्धा तास. काही दिसत नाही म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तिथंच. आणि तिकडे माझी पोर पिशव्या भरून दारात उभी.

"हो मामा," मी म्हटलं. "दिसतोय."

"चोच?"

"लाल आहे."

"नक्की?"

"नक्की. आता सही करू का? पोरीची बस आहे."

त्यांनी वही काढली. अक्षर ओळ सोडून खाली उतरत गेलं. मला वाटलं, आनंदानं. मी खाली सही ठोकली, तारीख घातली, आणि आम्ही निघालो.

बिडकीनला चहाला थांबावंच लागलं, मामा ऐकेनात. टपरीवर ते कप हातात घेऊन गोल गोल फिरत होते. टपरीवाला चाचा वैतागून म्हणाला, "मामा, बैठ जाओ ना दो मिनिट. तुमकू देखके मेरेकू चक्कर आरी." मामा हसले, पण बसले नाहीत. फिरता फिरताच मला सांगायला लागले.

"आमचं गाव ह्याच पाण्याखाली हाय, ताई. तवा मी चौथीत होतो. गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी नव्हतं, म्हणून वडलांनी आमच्या तुकड्यात स्वतः विहीर खणली. तीन उन्हाळे. मी बी टोपल्यानं माती काढलीय. पुढं गाव उठणार म्हणून मोजणी आली. कुणाचं घर, कुणाची विहीर, किती झाडं, सगळं लिहायचे. दोन पंचांनी जागेवर जाऊन बघायचं आणि सही करायची. त्या दिवशी अशीच हवा. झड लागलेली, गुडघाभर चिखल. पंच म्हणले, एवढ्या चिखलात कोण जातंय? पारावर बसल्या बसल्या सही करून दिली. कागदावर लिहिलं, विहीर नाय."

"मग?"

"मग काय? विहिरीचे पैसे बुडले, पाणी आलं. आम्ही करमाडला गेलो. वडील मरेपर्यंत म्हणायचे, त्यांनी वाईट मनानं नाय केलं रे, त्यांना नुस्तं घरी जायचं होतं." मामा माझ्यासमोर थांबले. "तवापासनं मला सहीची लई भीती वाटती. आज तुम्ही होता म्हणून बरं. नायतर माझ्या एकट्याच्या बघण्याला काय अर्थ हाय?"

माझा चहा तसाच राहिला. तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी, पण बाहेर आलं ते एवढंच, "मामा, उशीर होतोय."

बस मिळाली. मुलगी खिडकीतून हात हलवत होती आणि मी भलतीकडेच बघत होते. ती ओरडली, "आई, मी इकडे आहे!" ते अजून मला टोचतं. ज्या निरोपासाठी मी खोटं बोलले, तो निरोपही मला नीट देता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा पेढे घेऊन ग्रंथालयात आले. वही उघडून सगळ्यांना दाखवली. प्राचार्यांनीसुद्धा चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "आता मानलं मामा. आणि ह्या बाईंची सही आहे म्हणजे शंकाच नाही." मी पेढा तोंडात घालून उभी होते. पुढे तीन वेळा ठरवून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेले आणि तिन्ही वेळा पुस्तकाबद्दल काहीतरी विचारून परत आले. भित्री मी पहिल्यापासून नव्हते. त्या सहीनं झाले.

त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीला मामा निवृत्त झाले. वैशाखात, भर दुपारी, ते माझ्या घरी आले. बसा म्हटलं तरी बसेनात, हॉलमध्ये फेऱ्या मारत राहिले. टीपॉयला गुडघा लागला, मग कुंडीला पाय लागला. ह्या दोन्ही वस्तू त्यांना दिसायला हव्या होत्या.

"डॉक्टरकडं गेलतो," ते म्हणाले. "मोतीबिंदू असता तर काढला असता. काचबिंदू हाय म्हणं. जुना. गेलेली नजर परत येत नाय. मी विचारलं, हिवाळ्यात मला त्या बेटापतुर दिसलं असंल का? तो म्हणला, मामा, तुम्हाला समोरचं झाड दिसलं असंल तर नशीब." ते थांबले. "ताई, खरं सांगा. लालचोच्या होता का?"

पंखा फिरत होता. मी म्हटलं, "नाही मामा. डबा होता. जाळ्याचा."

"लाल झाकणाचा?"

"हो."

ते ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मला बी शंका होती, ताई. म्हणून तर तुम्हाला विचारलं."

मी रडले. मुलीची बस, लाडू, चिखल, सगळी कारणं सांगून झाली. त्यांनी ऐकून घेतलं. पिशवीतून वही काढली, बोटांनी चाचपत ते पान शोधलं, माझ्याकडून जागा विचारून आपली सही खोडली. मग पेन माझ्यापुढे धरलं. "तुमची तुम्ही खोडा. ती मला खोडता येत नाय."

मी खोडली. आणि मग मामा बसले. खुर्चीत, पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून. अर्धा तास तरी ते हलले नाहीत. इतकी वर्षं सगळे त्यांना बसा बसा म्हणत होते आणि त्या दिवशी मला वाटत होतं, उठा हो, फिरा, ती कुंडी फोडा. चहा न घेताच ते गेले.

त्यानंतर सहा-सात महिने फोन नाही. मीही केला नाही, कुठल्या तोंडानं करणार? मग पुन्हा थंडी आली आणि एका संध्याकाळी फोन वाजला. "ताई, समुद्रात वादळ हाय. हवा बिघडणार. येता का?"

मी गेले. ह्या वेळी घरी काहीही काम ठेवलं नव्हतं. तोच काठ, तसाच वारा, तशीच भुरभुर. मामा बारदानावर बसले, पाण्याकडे तोंड करून, पूर्वीसारखे दगड. दुर्बीण माझ्या गळ्यात. ते मधून मधून विचारायचे, मी सांगायचे. बगळे, किती? मोजून सांगायचे. तिकडं काय हाललं? दिसलं नाही मामा. "दिसलं नाही" हे मी त्या सकाळी पन्नासदा म्हटलं असेल.

आणि अकराच्या सुमाराला तो आला. काठाच्या अगदी जवळ, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. वाऱ्याला पाठ देऊन उतरला आणि चिखलात चालायला लागला. काळा, पांढरा, आणि चोच चित्रातल्यापेक्षाही लाल. मी दुर्बीण डोळ्यावरून काढली, पुसली, परत लावली.

"मामा," मी म्हटलं. "आलाय."

ते हलले नाहीत. "काय करतोय?"

"चिखलात चोच खुपसतोय. काढली. काहीतरी धरलंय."

"शिंपला हाय का?"

"शिंपलाच आहे. दगडावर नेला. फोडतोय, मामा!"

"पाय?"

"गुलाबी."

आता दुसरा पंच हवा होता. मी इकडेतिकडे बघितलं. लांब एक मासेवाला थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढत होता. मी ओढणी हलवली, ओरडले, "दादा, इकडं या, लवकर!" त्याला वाटलं मला मासे हवेत. त्यानं हातानंच नाही म्हणून सांगितलं. मी चिखलातून त्याच्याकडे धावले, आणि त्या गडबडीत पक्षी उडाला. पाण्यावरून सरळ गेला आणि धुकट पडद्यात नाहीसा झाला.

मी परत आले, गुडघ्यापर्यंत चिखलात. मामांच्या पिशवीतून वही काढली. "मामा, लिहू. तुम्ही सही करा."

"मला दिसला नाय, ताई."

"पण मी पाहिलाय! खरंच पाहिलाय, पोरीची शपथ!"

"मला ठाऊक हाय. तुम्ही आज खोटं बोलत नाय."

"मग करा ना सही! तीस वर्षं वाट बघितलीत तुम्ही. वहीत नाही म्हणजे तो आलाच नाही, असं होईल!"

मामा हसले. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि गुडघ्यावर ठेवली. तोंड पाण्याकडेच होतं.

"राहू द्या, ताई," ते म्हणाले. "विहीर बी होतीच की."